बस मिळाली, आता गावं किती घ्यायची?

प्रश्न वाचला. थोडक्यात असा, की तुमच्या गटाला एक जुनी मिनीबस फुकट मिळतेय, लोकांनी दिलेली साधारण ३००० पुस्तकं जमलीत, आजूबाजूच्या २२ गावांत फिरतं वाचनालय चालू करायचंय, आणि तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: आतून रॅक कशी बसवायची, सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं आणि पुस्तकं परत आली नाहीत तर दंड किती लावायचा. मी या कामात बरीच वर्षं आहे, आधी गाडीवर आणि आता मार्ग आखण्यात, त्यामुळे तिन्हींची उत्तरं देते. पण खरं सांगायचं तर तुमचा मूळ प्रश्न या तिन्हींत नाहीये, तो त्या २२ च्या आकड्यात आहे.

फिरत्या वाचनालयाकडे लोक येतात ते गाडी ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळेला येतेच अशी खात्री असेल तर. पहिल्यांदा गाडी आली की गर्दी होतेच, नवी गोष्ट असते, मुलं पळत येतात, फोटो छान निघतात. खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या फेरीला, जेव्हा माणूस मनाशी म्हणतो की आज बुधवार, गाडी येईल, पुस्तक वाचून संपवायला हवं. ही सवय लागायला वेळ लागतो आणि मोडायला एक चुकलेली फेरी पुरते. पंधरा दिवसांनी येणारी गाडी एकदा चुकली की थेट महिना जातो, महिन्यात मूल ते पुस्तक विसरतं, मोठा माणूस कपाटावर ठेवून देतो आणि मग तुम्ही म्हणता लोक पुस्तकं परत करत नाहीत.

आता हिशोब करून बघा. पंधरवड्यात कामाचे दिवस धरा १०. त्यातला एक दिवस गाडीच्या देखभालीला सोडायचाच, जुनी गाडी आहे, न सोडला तर ती स्वतः घेईल. एक दिवस मुख्य ठिकाणी बसून पुस्तकं बदलायला, फाटलेली चिकटवायला, मागणीची शोधून ठेवायला. राहिले ८. दिवसाला ३ थांबे धरले तर २४ होतात, म्हणजे तुमची २२ गावं कागदावर बसतात आणि इथेच सगळे फसतात. कारण या हिशोबात पाऊस नाही, रस्त्याचं काम नाही, ड्रायव्हरचा ताप नाही, आणि शाळेचा कार्यक्रम तर आदल्या दिवशी कळतो. शिवाय दिवसातले ६ तास गाडी बाहेर असेल आणि त्यातले ३ रस्त्यात गेले तर प्रत्येक गावाला तासभरच मिळतो, त्यात गाडी लावणं, पायऱ्या काढणं, आवरणं आलं. वीस-पंचवीस मिनिटांचा थांबा तर मी थांबा धरतच नाही. मुलांची रांग लागते, परत घेण्यातच वेळ जातो, निवडायला मिळत नाही आणि हॉर्न वाजतो. म्हातारी माणसं घरातून निघेपर्यंत गाडी गेलेली असते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांपैकी चौथं आहे वाचकाचा वेळ वाचवा, त्याचा फिरत्या गाडीपुरता माझा अर्थ असा की माणसाला ताटकळत ठेवू नका आणि घाईही करू नका.

म्हणून माझं मत, पहिले सहा महिने १२ गावं घ्या. वार आणि वेळ पक्की, थांबा किमान पाऊण तास, शाळेजवळ असेल तर सव्वा तास. बाकीच्या १० गावांना नाही म्हणायची गरज नाही, त्यांच्यासाठी पेटी आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

किती गावं हे अर्थात तुमच्या भागावर अवलंबून आहे. गावं एकाच रस्त्यावर ओळीने असतील तर १६ पण जमतील, डोंगराळ भाग असेल, प्रत्येक गावाला जाऊन त्याच फाट्यावर परत यावं लागत असेल तर ८ सुद्धा जास्त होतील. आणि पंधरा दिवस हा काही मंत्र नाही. मोठ्यांना तीन आठवडे चालतात, मुलांना नाही चालत, त्यांचं पातळ पुस्तक दोन दिवसांत संपतं.

वेळेबद्दल अजून एक. नवीन लोक सगळे थांबे शाळेच्या वेळेत ठेवतात कारण गर्दी तयार मिळते. मग सहा महिन्यांनी म्हणतात की आमच्याकडे फक्त मुलंच येतात. अहो, मोठी माणसं त्या वेळी कामावर असतात, येणार कोण? निदान दोन-तीन थांबे संध्याकाळी ठेवा.

आता गाडीचं. रॅकच्या आधी वजन बघा, हे सुताराला विचारून कळत नाही. पातळ पेपरबॅक २००-३०० ग्रॅम, जाड बांधणीचं पुस्तक ७००-८०० ग्रॅमच्या वर, मिश्र साठ्याची सरासरी ३५० ग्रॅम धरली तर ३००० पुस्तकं म्हणजे एक टनाच्या वर जातात. त्यात रॅक, टेबल, बॅटरी, तुम्ही दोघं-तिघं आणि आत चढलेले दहा-बारा वाचक. मिनीबस माणसं वाहायला बनवलेली असते, माणसं उतरतात, पुस्तकं वर्षभर तशीच बसून राहतात, स्प्रिंग आणि टायर सगळा वेळ त्याच भाराखाली. गाडीच्या कागदांवर कमाल वजन लिहिलेलं असतं ते बघा, सीट काढून रॅक बसवल्यावर रिकामी गाडी वजनकाट्यावर घाला, मग उरलेल्यात पुस्तकं आणि माणसं बसतात का ते ठरवा. माझा अंदाज, तुमच्या गाडीत १२०० ते १५०० पुस्तकं ठेवा, बाकीची मुख्य ठिकाणी. आणि सीट काढल्या की गाडीचा वापर बदलतो, तेव्हा नोंदणी आणि विमा आधी विचारून घ्या, काम झाल्यावर नाही.

१५०० ला जागा किती लागते? एका मीटरच्या फळीवर साधारण ३५-४० पुस्तकं बसतात, म्हणजे ४० मीटर फळी. आतली लांबी चारेक मीटर असेल तर दोन्ही बाजूंना पाच-पाच फळ्या केल्या की झालं. फळ्या सपाट ठेवू नका, मागच्या बाजूला १०-१५ अंश झुकलेल्या ठेवा म्हणजे वळणावर पुस्तकं अंगावर येत नाहीत, आणि तरी पुढे एक आडवी पट्टी किंवा इलॅस्टिकची दोरी हवीच. जड पुस्तकं खाली, दोन्ही बाजूंचं वजन सारखं, आणि मागच्या टोकाला भार नको. मुलांची पुस्तकं खालच्या दोन फळ्यांवर, त्यांच्या हाताशी. आणि सगळ्या फळ्या गच्च भरू नका. शाळेच्या थांब्यावर शंभरेक पुस्तकं आधी परत येतात आणि नवीन नंतर जातात, तेवढा वेळ ती ठेवायला मोकळी जागा लागते, नाहीतर ड्रायव्हरच्या सीटवर ढीग लागतो.

पायरीचं फार कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. मिनीबसची पहिली पायरी जमिनीपासून चांगली उंच असते. आमच्या एका थांब्यावर बायका यायच्या, दाराशी उभ्या राहायच्या, आत बघायच्या आणि मुलाच्या हाती पुस्तक मागवायच्या. आम्हाला वाटायचं लाजतात. मग एक दिवस त्यातली एक आजी दाराचा दांडा धरून गुडघा उचलायचा प्रयत्न करताना दिसली, दुसऱ्या हातात पिशवी, पाय काही तिथवर पोचेना. पुढच्या फेरीला खाली ठेवायचा लाकडी ठोकळा नेला, दाराला दोन्हीकडे पकडायला दांडे लावले, आणि बाहेर एक घडीचं टेबल मांडून त्यावर पन्नासेक पुस्तकं पसरली. त्या दिवसापासून बायका टेबलाशी स्वतः निवडायला लागल्या, आणि ज्यांना जमेल त्या वर पण चढायला लागल्या. टेबल नक्की घ्या.

रंग आणि आवाज पण महत्त्वाचा. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या वॉशिंग्टन काउंटीत मेरी टिटकोम्ब या ग्रंथपाल बाईंनी १९०५ मध्ये घोड्यांची पुस्तकगाडी सुरू केली, बाहेरून उघडणाऱ्या फळ्या आणि मधे पेट्या. गाडी आधी काळपट होती, तर एका घरासमोर थांबली तेव्हा लोकांना ती प्रेत न्यायची गाडी वाटली आणि त्यांनी पुढे जायला सांगितलं. मग चाकं लाल रंगवली. तर तुमची बस लांबून ओळखू येऊ दे, आणि हॉर्न वेगळा ठेवा, आवाज ऐकून घरात कळलं पाहिजे की आपली गाडी आली. त्या गाडीचा मला आवडणारा भाग मात्र वेगळाच आहे. ती हाकायला त्यांनी बाहेरून गाडीवान आणला नाही, वाचनालयाचाच शिपाई घेतला, जोशुआ थॉमस. त्याला तो सगळा मुलूख आणि तिथली माणसं माहीत होती. तुमचा पार्ट टाइम ड्रायव्हर गाडी लावून मोबाईल बघत बसणार असेल तर निम्मी संधी गेली. ड्रायव्हर सगळ्यात आधी ओळखीचा होतो, लोक त्यालाच विचारतात पुढच्या वेळी कधी येणार. त्याला पुस्तकं द्यायला-घ्यायला शिकवा, पगारात ते धरा.

सॉफ्टवेअर. सुरुवातीला घेऊ नका. नेटवर्क जाईल, लॅपटॉप गरम होईल, रांग थांबेल. जुनी ब्राउन पद्धत वापरा, विजेशिवाय चालते. प्रत्येक पुस्तकात एक खिसा आणि त्यात पुस्तकाचं कार्ड, प्रत्येक वाचकाचं खिशासारखं तिकीट. पुस्तक नेलं की पुस्तकाचं कार्ड वाचकाच्या तिकिटात घालायचं आणि ते ट्रेमध्ये लावायचं, परत आलं की उलट. एका जागी असलेल्या वाचनालयात हे ट्रे तारखेप्रमाणे लावतात. गाडीवर तसं करू नका, गावाप्रमाणे लावा, प्रत्येक गावाचा वेगळा ट्रे, कारण त्या गावातल्या सगळ्यांची परतीची तारीख एकच असते, तुमची पुढची फेरी. मग सकाळी निघताना फक्त त्या दिवसाचे तीन ट्रे उचलायचे आणि ट्रेवर नजर टाकली की कोणाकडे काय राहिलंय ते दिसतं. सभासद वाढले, साठा वाढला की कोहा सारखी मोफत प्रणाली बघा, तिच्यात इंटरनेट नसताना देवघेव नोंदवून नंतर चढवायची सोय आहे. ती न्यूझीलंडच्या एका ग्रामीण भागातल्या वाचनालयांसाठी तयार झाली आणि २००० साली वापरात आली. पण ते पुढचं.

दंड. अजिबात नको, अनामत पण नको. गाडी बंद पडून तुम्ही गेला नाहीत त्या फेरीची लेट फी कोणाकडून घेणार? आणि दंडाचा उलटाच परिणाम होतो. पुस्तक उशिरा झालं की मूल घाबरून येतच नाही, म्हणजे पुस्तकही गेलं आणि वाचकही. मी असं सांगते की परत आणलं नाही तरी ये, आज एकच घेऊन जा, पुढच्या वेळी दोन्ही आण. काही पुस्तकं जाणारच, ती खर्चात धरा. हरवलेली म्हणून लिहिलेली बरीचशी घरातच असतात, गादीखाली, भावाच्या दप्तरात, आणि शाळेला सुट्टी लागायच्या आधी एक ‘सगळी पुस्तकं आणा’ फेरी केली की निघतात. फाटलेल्याला साधी सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते आणि डिंक शेजारच्या पानाला चिकटतो. पांढरा गोंद आणि पातळ कागदाची पट्टी बरी.

पुस्तकांकडे वळू. लोकांनी दिलेली ३००० म्हणजे हातात ३००० असं धरू नका. जुनी गाईडं, बदललेल्या कायद्यांची पुस्तकं, जुने आरोग्यसल्ले, कालबाह्य कॉम्प्युटरची पुस्तकं, कोणाचेतरी वार्षिक अहवाल, हे सगळं काढा आणि देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून ठेवू नका. निम्मी बाजूला पडली तरी नवल नाही. मग गाडीवर काय? साधारण अर्धा भाग मुलांचा, त्यात चित्रांची आणि मोठ्या टायपातली भरपूर, तीच पुस्तकं नुकतं वाचायला शिकलेल्या मोठ्यांना पण चालतात, फक्त त्यांच्यासाठी वेगळ्या फळीवर ठेवा म्हणजे बाळबोध पुस्तक घेताना संकोच नको. भागांमधल्या मालिका गाडीवर ठेवू नका. पहिला भाग एका गावात, दुसरा भलत्याच गावात, तिसरा कोणाच्यातरी गादीखाली, आणि वाचक तुमच्यावर चिडलेला. मालिका मुख्य ठिकाणी ठेवा आणि मागेल त्याला क्रमाने द्या.

आणि फळ्यांवरचा पाव भाग तरी दर फेरीला बदला. तीच पुस्तकं त्याच जागी तिसऱ्यांदा दिसली की वाचणारा माणूस, जो तुमचा सगळ्यात पक्का गिऱ्हाईक, तोच आधी गळतो.

मागणीची वही मी सगळ्याच्या वर ठेवते. दारात दोरीला पेन बांधून एक वही. त्यात लोक पुस्तकाचं नाव क्वचितच लिहितात, त्यांचा प्रश्न लिहितात. शेळी चारा खात नाही. पंप जोडायची आकृती. मुलीला जमिनीचा उतारा वाचायला शिकवायचंय. राक्षसाची गोष्ट पण शेवट वाईट नको. यातलं जे मिळेल ते पुढच्या फेरीला नावाची चिठ्ठी लावून न्यायचं, आणि नाही मिळालं तर नाही मिळालं असं त्या माणसाला तोंडावर सांगायचं. आपल्यासाठी कोणीतरी शोधून आणलं हे एकदा अनुभवलं की तो माणूस शेजाऱ्याला घेऊन येतो. पुस्तक नसेल आणि माहिती असेल तर छापून, कात्रणं चिकटवून वही करा. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरांत १९३५ ते १९४३ घोड्यांवरून पुस्तकं पोचवणाऱ्या बायकांनी हेच केलं होतं, पुस्तकं कमी म्हणून जुन्या मासिकांची कात्रणं लावून चिकटवह्या केल्या आणि त्या घरोघर फिरवल्या. त्या बायका त्याच भागातल्या होत्या हेही लक्षात घ्या, अनोळखी माणसाला दार उघडलं नसतं.

आता पेट्या, त्या उरलेल्या १० गावांसाठी. ही कल्पना बसपेक्षा जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यात ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांनी १८९३ पासून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या पाठवायला सुरुवात केली, आणि बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना बोलावलं त्यानंतर तिथेही पेट्यांमधून पुस्तकं गावोगाव गेली. तुम्ही ५०-६० पुस्तकांची पेटी करा, झाकणाच्या आत यादी चिकटवा, दर दोन महिन्यांनी पेटी पुढच्या गावाला आणि तिथली पुढे. प्रश्न पेटीचा नसतो, ती सांभाळणाऱ्याचा असतो. गावातला मोठा माणूस शोधू नका, त्याच्या घरी पेटी कुलपात राहते. ज्याचं दार संध्याकाळी उघडं असतं आणि ज्याच्याकडे मुलं बिनधास्त जातात असा माणूस बघा. एखाद्या गावात पेटीतली जवळजवळ सगळी पुस्तकं दोनदा वाचायला गेली की ते गाव बसच्या मार्गावर घ्यायला तयार झालं असं समजा.

वाहनाच्या प्रेमात पडू नका हेही सांगून ठेवते. तमिळनाडूतल्या मन्नारगुडीला १९३१ मध्ये बैलगाडीवर वाचनालय फिरलं, केनियात गारिसाकडे १९९६ पासून उंटांवर पुस्तकं जातात कारण त्या वाळूत गाडी चालत नाही. पावसाळ्यात तुमची बस जिथे रुतते तिथे मोटारसायकल आणि दोन वॉटरप्रूफ पिशव्या पाठवा, वार चुकवू नका. पंचवीसच पुस्तकं गेली तरी गाडी आली असं धरलं जातं.

पैशाचं पटकन. बस फुकट देणारे भेटतात, डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार देणारे भेटत नाहीत. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांना पुस्तकं पोचवणारी एपोस ही बोट दशकानुदशकं चालली, लोकांना आवडायची, आणि २०२० मध्ये पैसे थांबले तशी थांबली. तेव्हा पगार, इंधन, टायर, बॅटरी आणि विमा यांची किमान दोन वर्षांची सोय लेखी हातात येऊ दे, मग उद्घाटन करा. ते नसेल तर आधी फक्त पेट्या चालवा, कमी खर्चात बरंच काम होतं.

मोजायचं काय, कारण देणगीदार विचारतीलच. किती लोक गाडीत चढले हा आकडा फसवा आहे. किती जण तिसऱ्या फेरीला परत आले, थांब्यामागे किती पुस्तकं गेली, वहीतल्या किती मागण्या पूर्ण झाल्या हे ठेवा. सहा महिन्यांनी एखादा थांबा थंड वाटला तर बंद करायच्या आधी वेळ तासाने सरकवून बघा, जागा बदलून बघा. गावाच्या एका टोकाला उभी राहिलेली गाडी दुसऱ्या टोकाची माणसं वापरत नाहीत, अंतर थोडं असलं तरी.

म्हणजे क्रम असा लावा: आधी १२ गावं आणि वार, मग पगाराची सोय, मग वजनकाटा, मग रॅक. आणि रॅकवाल्याला ॲडव्हान्स द्यायच्या आधी एक पंधरवडा मोटारसायकलवर तोच मार्ग त्याच वेळेला फिरून या, ड्रायव्हरलाही मागे बसवा, प्रत्येक ठिकाणी सावली कुठे आहे, गाडी वळते का, त्या वेळेला गावात माणूस असतो का ते लिहून काढा. ते लिहिलेलं आणि वेळापत्रकाचा कच्चा मसुदा इथेच टाका, कुठे फार घाई होतेय ते बघून सांगते.